सड्यावरची गुरे : रत्नागिरीच्या निसर्गचित्रातील चराऊ भूमीचा प्रश्न

चित्रकलेच्या अभ्यासात ‘पॅस्टोरल लँडस्केप’ या नावाने जो प्रकार शिकविला जातो, त्यास मराठीत सर्वमान्य असा प्रतिशब्द नाही. ‘ग्रामीण निसर्गचित्र’ म्हणावे तर त्यात पाणवठ्यापासून आठवड्याच्या बाजारापर्यंत सर्व काही येते. ‘गोपचित्र’ म्हणावे तर गोकुळ आणि नाथद्वाराच्या पिछवाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. प्रस्तुत लेखात ‘गोपचित्र’ हाच शब्द मर्यादित अर्थाने योजिला आहे. चरणारी गुरे, ती ज्या जमिनीवर चरतात ती जमीन आणि त्या जमिनीवर माणसाने काढलेला दिवस, एवढ्यांचे चित्र म्हणजे गोपचित्र. हा अर्थ मान्य केला की एक साधा परंतु अडचणीचा प्रश्न उपस्थित होतो. रत्नागिरीत वाढलेला चित्रकार आपल्या प्रदेशाचे असे चित्र काढावयास बसला, तर त्याची चराऊ भूमी कोणती?

प्रश्न अडचणीचा अशासाठी की, या चित्रप्रकाराचा साचा दुसऱ्याच भूमीवर घडला आहे. सतराव्या शतकातील क्लोद लॉरँ (१६००–१६८२) या चित्रकाराने तो पक्का केला. एका बाजूस गडद, उंच झाड. मध्यभूमीत नदी किंवा पूल. त्यापलीकडे थरांथरांनी फिकट होत जाणारे निळसर डोंगर. आणि पुरोभूमीत दोनचार मेंढपाळ व त्यांची जनावरे. ही रचना रोमभोवतीच्या सपाट प्रदेशातून निघाली. क्लोद स्वतः लोरेन प्रांतातला; त्याचे गाव त्याच्या चित्रांत जवळजवळ नाही. पुढील दोन शतके युरोपातील रसिकांनी जो भूभाग या साच्यात बसेल तो सुंदर मानला, आणि जो बसेना त्याकडे पाठ फिरविली.

याच शतकातील डच चित्रकार आल्बर्ट कॉइप (१६२०–१६९१) याचे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. डोर्ड्रेख्त हे त्याचे गाव. त्याने रंगविलेल्या गाई त्या गावच्या नदीकाठच्या ओल्या कुरणातल्या आहेत. त्यांच्या अंगावरचा मधासारखा पिवळा उजेड मात्र तेथला नव्हे. इटलीस जाऊन आलेल्या इतर डच चित्रकारांच्या कामावरून तो त्याने उचलला. कॉइप स्वतः इटलीस कधी गेल्याचे दिसत नाही. घरची गुरे आणि परक्याचा उजेड अशी ही जोडी आहे. चित्रे देखणी आहेत, यात शंका नाही. परंतु आपल्या प्रदेशाचे चित्र काढू पाहणाऱ्याला आपले विषय ओळखणे सोपे आणि आपला उजेड ओळखणे कठीण असते, हे कॉइपइतके स्पष्टपणे दुसरा कोणी क्वचितच दाखवील.

याउलट इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याने वडिलांच्या गिरणीभोवतालचे स्टूर नदीचे खोरे आयुष्यभर रंगविले आणि १८२१–२२ च्या सुमारास केवळ आकाशाचे अभ्यास करून ठेवले. आकाशातील ढग कोणत्या ऋतूचे आणि कोणत्या वेळचे हे कळल्याशिवाय जमिनीचा रंग ठरत नाही, ही त्याची दृष्टी होती. रत्नागिरीच्या चित्रकाराने क्लोदपेक्षा कॉन्स्टेबलकडून शिकण्यासारखे अधिक आहे. कारण वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक आणि तोही बहुतेक चार महिन्यांत पडणारा पाऊस ज्या भूमीवर कोसळतो, तेथे जमिनीचा रंग आकाशच ठरविते.

मुंबईत सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली आणि बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली. पाश्चात्त्य पद्धतीचे यथार्थदर्शन, छायाप्रकाश आणि तैलरंग कलाशाळेतून आले. पारदर्शक जलरंगाची इंग्रजी पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्या काळात रुजली. या पद्धतीत पांढरा रंग वापरावयाचा नसतो. कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश. तो जेथे हवा तेथे कागद मोकळा ठेवावयाचा. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांनी या माध्यमावर जे प्रभुत्व मिळविले ते सर्वश्रुत आहे, तथापि त्यांची कीर्ती मुख्यतः मानवाकृतींवर आणि त्यातही दिव्याचा उजेड झाकणाऱ्या स्त्रीच्या चित्रावर उभी आहे. घरच्या भूमीचे चित्र म्हणून ज्याकडे प्रथम बोट दाखवावे लागते ते घाटावरच्या आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांचे काम होय. कलाशाळेत शिकून ते कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ व रंकाळा यांचा परिसर वर्षानुवर्षे रंगवीत राहिले. तळे, काठची झाडे, पाण्यावरचा तिरपा उजेड, पलीकडे मोकळे रान. घाटमाथ्यापलीकडची कोरडी हवा व लांबवर जाणारी नजर यांमुळे युरोपीय साचा तेथे फारशी ओढाताण न करता बसतो. घाट उतरून कोकणात आले की तो बसत नाही.

तो का बसत नाही हे समजण्यासाठी या भूमीचा उभा छेद डोळ्यांपुढे आणावा. समुद्राकडून पूर्वेस निघाले की प्रथम पुळण, मग नारळी-पोफळींचे आगर, मग जांभ्याच्या पाखाडीची चढण, आणि ती संपली की एकाएकी सपाट, उघडा, वारा खाणारा सडा. सडा ओलांडला की पुन्हा उतार, तळाशी पऱ्या किंवा खाडी, काठावर भाताचे कुणगे, आणि पुन्हा चढण. सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत हाच क्रम चालतो. याचा परिणाम असा की कोकणात नजर एकतर पन्नास पावलांवर अडते, नाहीतर सड्यावर पोहोचताच क्षितिजापर्यंत मोकळी सुटते. पुरोभूमी, मध्यभूमी आणि पार्श्वभूमी अशी जी तीन पायऱ्यांची उतरण क्लोदच्या रचनेचा प्राण आहे, त्यांतील मधली पायरी येथे बहुधा गायब असते.

ती जेथे सापडते तेथे चित्रकारांनी गर्दी केली आहे. रत्नागिरी शहरात १९१० च्या सुमारास ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजासाठी राजवाडा उभारला गेला. त्याच्या जवळच्या उंचवट्यावरून दिसणारा देखावा याचा नमुना आहे. बाजूस झाडांची गडद चौकट, खाली वळण घेणारी काजळी नदी आणि भाट्याची खाडी, पलीकडे माडांची रांग आणि समुद्र. हा देखावा जणू आपली रचना आधीच करून बसलेला आहे. चित्रकाराने फक्त उतरून घ्यावयाची. त्यात वावगे काही नाही. परंतु असा तयार देखावा जिल्ह्याचे प्रातिनिधिक रूप ठरू लागला म्हणजे सडा चित्रातून निसटतो, आणि गुरे चरतात ती तर सड्यावर.

सडा निसटण्याची कारणे केवळ रचनेत नाहीत. त्यातले पहिले कारण ऋतूचे. मुंबईत शिकणारा वा शिकविणारा कोकणी माणूस गावी जाणार तो मे महिन्याच्या सुटीत, फार तर गणपतीत आणि दिवाळीत. गणपतीचे दिवस पावसाचे व पाहुण्यांचे; रंगपेटी उघडण्याचे नव्हेत. उघड्यावर बसून जलरंगात काम करावयाचे तर हवा कोरडी हवी. म्हणून कोकणची चित्रे बहुशः कार्तिकापासून वैशाखापर्यंतची असतात: तांबडी धूळ, उन्हात तापलेली कौले, माडांच्या सावल्या, वाळूवर ओढलेल्या होड्या. हे सुटीतले कोकण होय. त्या दिवसांत सडा करपून काळा पडलेला असतो. त्याच्यावर ना गवत असते ना गुरू. त्याला पाहून ‘येथे रंगविण्यासारखे काय आहे?’ असे कोणाही चित्रकाराने म्हटले तर नवल नाही.

दुसरे कारण उजेडाच्या दिशेचे. ही किनारपट्टी पश्चिमाभिमुख आहे. दुपार कलल्यावर समुद्राकडे तोंड करून बसलेल्या चित्रकाराच्या डोळ्यांवर सूर्य असतो, आणि त्याच्यासमोरची प्रत्येक वस्तू काळ्या आकृतीसारखी दिसते. पाणी चकाकते, होडी काळी, माणूस काळा, माड काळा. अशा उलट्या उजेडात थोड्या छटांत परिणामकारक चित्र साधते. त्यामुळे कोकणचा चित्रकार समुद्राकडे वळला तो केवळ समुद्राच्या प्रेमाने नव्हे. संध्याकाळचा उजेडच त्याला तिकडे वळवीत होता.

या समुद्रचित्रांच्या परंपरेत प्रल्हाद अनंत धोंड यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९०८ चा. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्याशी त्यांचे नाते जन्माचे होते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, म्हणून जुन्या नोंदींतील ‘रत्नागिरी’ आजच्याहून मोठी आहे हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. सर ज. जी. कलाशाळेत ते शिकले, शिकवू लागले आणि पुढे तिचे अधिष्ठाते झाले. ओल्या कागदावर मोठ्या कुंचल्याचे मोजके फटकारे मारून ते समुद्र, आकाश आणि पुळण उभी करीत. त्यांच्या आत्मपर पुस्तकाचे ‘रापण’ हे नाव किनाऱ्यावरून ओढावयाच्या जाळ्याचे आहे. धोंडांच्या जलरंगातून प्रस्तुत विषयासाठी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कोकणातील दमट हवा ही जलरंगाची वैरीण नसून तिच्या कलाने घेतले तर ती अर्धे काम करते, हे त्यांच्या चित्रांनी सिद्ध केले. त्यांनी ते समुद्रापुरते केले. सड्यावर तीच रीत नेली तर काय होईल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

त्याआधी ऋतूविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोपजीवनाचे चित्र म्हणजे स्वच्छ ऊन, ही कल्पना युरोपीय आहे. भारतीय काव्यपरंपरेत गुराख्याचा ऋतू पावसाळा होय. प्राचीन तमिळ संघकाव्यात पाच भूप्रदेश आणि त्यांचे पाच भाव ठरवून दिलेले आहेत. त्यांतील ‘मुल्लै’ हा रानाचा व गुराख्यांचा प्रदेश, त्याचा ऋतू पावसाळा आणि त्याचा भाव घरी परतणाऱ्याची वाट पाहण्याचा. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’तही ढग दाटून आले की प्रवासी आणि त्याची वाट पाहणारी स्त्री ही दोन्ही आलीच. रत्नागिरीतील कर्त्या पुरुषांपैकी पुष्कळ जण मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबत होते, आणि मृगाच्या सुमारास घरी उरत त्या बायका, मुले व म्हातारी माणसे. तेव्हा वाट पाहण्याचा हा जुना भाव येथे अलंकार नव्हता. टपालाने येणाऱ्या मनिऑर्डरीइतका तो प्रत्यक्षातला होता.

पावसातला सडा चित्रकाराच्या डोळ्यांनी पाहावा. जांभा हा दगड घडतो तो पावसानेच. उष्ण आणि ओल्या हवेत मूळ खडकातील सिलिका दीर्घकाळ धुऊन निघून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. १८०७ साली फ्रान्सिस ब्युकॅनन याने त्यास जे ‘लॅटराइट’ हे नाव दिले ते विटेच्या लॅटिन नावावरून. कारण खाणीतून मऊ निघणारा हा दगड विटेप्रमाणे कापता येतो आणि हवेत राहून घट्ट होतो. कापलेला चिरा तांबडा दिसतो, म्हणून नवखा चित्रकार सडाही तांबडा रंगवितो. ही कोकणच्या चित्रांतील सर्वांत सामान्य चूक होय. उघड्या सड्याचा पृष्ठभाग दगडफुलांनी, शेवाळाने व हवेच्या परिणामाने काळपट झालेला असतो. तांबडा रंग दिसतो तो खाणीत, गडग्याच्या नव्या चिऱ्यात आणि वाटेच्या कापात. म्हणजे माणसाचा हात जेथे लागला तेथे. सड्याच्या चित्रात तांबड्या रंगाचा प्रत्येक ठिपका काहीतरी सांगत असतो, म्हणून तो हात राखून वापरावा.

रंगपेटीतील लाइट रेड, इंडियन रेड, बर्न्ट सिएना हे रंगही लोहाच्या ऑक्साइडांचेच, म्हणजे जांभ्याच्या सख्ख्या नात्यातले. बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन मिसळून तो खरबरीत कागदावर भरपूर पाण्याने सोडला तर रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि कातळाचा सच्छिद्र पोत आपोआप उमटतो. कुंचल्याने टिंबे देऊन तो पोत काढू जाणे म्हणजे व्यर्थ श्रम होत.

जून संपता संपता या काळ्या पृष्ठभागावर हिरवा थर चढतो. तो सलग नसतो. जेथे बोटभर माती साठली तेथे गवत, जेथे नाही तेथे काळा कातळ, आणि जेथे खळगा तेथे पाणी. पाण्याची ही डबकी आकाशाचा पांढरेपणा उचलून जमिनीवर आणतात. पारदर्शक जलरंगात ती रंगवावयाची नसतात, सोडावयाची असतात. चित्र सुरू करण्यापूर्वी डबकी कोठे आहेत हे ज्याने ठरविले नाही, त्याचा सडा पुढे कितीही काम केले तरी उजळत नाही. श्रावण-भाद्रपदात गेंद, तेरडा आणि ‘सीतेची आसवे’ या नावाने ओळखली जाणारी इवलीशी जांभळी-निळी फुले ओल्या जागी पसरतात. जवळून ती फुले असतात. वीस पावलांवरून तो केवळ हिरव्यावर आलेला जांभळट झाक असतो. चित्रात तो झाकच यावयास हवा. एकेक फूल मोजून काढले की सडा नाहीसा होऊन वनस्पतिशास्त्राचा तक्ता होतो.

हिरवा रंगही एक नव्हे. तरव्याचा हिरवा पिवळ्याकडे झुकतो, सड्यावरच्या गवताचा विरळ व करड्याकडे, आणि फणस-आंब्यांचा जवळजवळ काळा. गँबोजच्या पिवळ्यात प्रशियन निळा मिसळून तरव्याचा रंग साधण्याची जुन्या जलरंगकारांची रीत होती. गँबोज हा ज्या झाडांचा चीक, ती झाडे कोकणातील रातांब्याच्याच कुळातली, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही. तो रंग उन्हात उडतो, म्हणून आज त्याच्या जागी टिकाऊ पर्याय वापरतात.

उजेडाचा प्रश्न येथे खऱ्या अर्थाने सुटतो. ढगांनी भरलेल्या आकाशाखाली सावली पडत नाही. गाईच्या पायाखाली सावली नाही, झाडाखाली नाही. तेव्हा छायाप्रकाशाने घडण दाखविण्याची कलाशाळेतली सवय बाजूस ठेवून छटांच्या गडदफिकेपणावर आणि रंगाच्या फरकावर विसंबावे लागते. क्षितिज सरळ, एका रेघेत. कडेला चौकट करणारे झाड नाही. कागदाचा दोन तृतीयांश भाग आकाशाचा. या रचनेचे नाते क्लोदशी नसून यान फान गोयेन (१५९६–१६५६) याच्यासारख्या डच चित्रकारांच्या सखल, ढगाळ, मोजक्या रंगांच्या चित्रांशी आहे.

आणि मग गुरे. कोकणातील गाय लहान चणीची, बारीक पायांची, तांबूस, काळी, करडी अशा अनेक रंगांची असते. ‘कोकण कपिला’ या नावाने तिची स्वतंत्र जात म्हणून २०१८ साली राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. चढउतारावर चालणारे आणि थोड्या चाऱ्यावर भागविणारे हे जनावर आहे. तिची लहान चण ही चित्रकाराची मोठी सोय होय, कारण लहान गुरांमुळे सडा मोठा दिसतो. कोकणच्या चित्रात लांब शिंगांचा, पांढराशुभ्र खिलार बैल अवतरला की ते चित्र घाट चढून वर गेले असे खुशाल समजावे. सह्याद्रीच्या उतारावर गवळी-धनगरांची वस्ती व त्यांच्या म्हशी आहेत. त्यांचे चित्र हा वेगळा आणि तितकाच दुर्लक्षित विषय आहे.

गुरांमागे माणूस येतो आणि येथे विषय अधिक गंभीर होतो. युरोपीय गोपचित्रातील मेंढपाळ झाडाखाली बासरी वाजवितो. त्याला काम नसते. सड्यावरचा राखण्या म्हणजे पुष्कळदा शाळा चुकलेले पोर किंवा वयस्क बाई. डोक्यावर घोंगड्याची खोळ, हातात काठी, आणि गुरू कोणाच्या वरकसात शिरले तर संध्याकाळी होणाऱ्या भांडणाची धास्ती. लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीवरचे इरले चित्रकारांना प्रिय असते; आज त्याची जागा प्लॅस्टिकच्या निळ्या कागदाने घेतली आहे, चित्रांत मात्र इरलेच टिकून आहे. भातशेतीच्या आधी तरव्याच्या जमिनीवर कवळ आणि पातेरा पसरून भाजावळ करतात. धुराने माखलेला तो वैशाखातला दिवस निसर्गचित्रांत क्वचितच सापडतो, यद्यपि मे महिन्यात सुटीवर आलेल्या चित्रकाराच्या समोरच तो घडत असतो. यावरून दिसते की ऋतूची अडचण हेच सर्वस्व नाही. पाहणारा कोणत्या घराच्या पडवीतून पाहतो, यावरही पुष्कळ काही अवलंबून असते. रत्नागिरीत खोती पद्धत कायद्याने संपुष्टात आली ती १९४९ नंतर. तोवर खोताच्या ओटीवरून दिसणारा मळा आणि त्याच मळ्यात वाकलेल्या कुळाला दिसणारा मळा एक नव्हता. कॉन्स्टेबलच्या चित्रांतील शेतमजूर लहान आणि दूर असतात, याची चर्चा इंग्लंडमध्ये झाली आहे; तो गिरणीमालकाचा मुलगा होता, हे त्या चर्चेत विसरले जात नाही. कोकणच्या चित्रांविषयी तशी चर्चा मराठीत व्हावयास हवी.

साहित्यात हे काम थोडेबहुत झाले. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘एल्गार’ (१९४९), ‘हद्दपार’ (१९५०) आणि ‘गारंबीचा बापू’ (१९५२) या कादंबऱ्यांनी दापोली परिसरातील भूमी, माणसांची बोली आणि त्यांची वैरे एकत्र गुंफली. प्रदेश हा तेथे पडदा न राहता कथेचा घटक झाला. याच काळात मुंबईतील निसर्गचित्रकार युरोपातून १९३० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या वॉल्टर लँगहॅमर यांच्या प्रभावाने रंगांच्या तेजाकडे आणि पटाशीने दिलेल्या जाड लेपाकडे वळले होते. चित्र अधिक मोकळे झाले, रंग उजळले. परंतु विषयाची निवड फारशी बदलली नाही. कादंबरीने जी वाट काढली तिला समांतर अशी चित्राची वाट निघाली नाही, असे म्हणणे भाग आहे.

ही केवळ कलेतिहासातील उणीव असती तर तिची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. सडा हा सरकारी वर्गवारीत बहुधा पडीक, खडकाळ जमीन म्हणून येतो. चित्रांत जागा न मिळालेली भूमी कागदोपत्रीही रिकामीच ठरते. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीने जिल्ह्यातील पुष्कळ वरकस व सड्याची जमीन आंब्या-काजूखाली आली. कातळ फोडून, बाहेरून माती आणून लावलेल्या हापूसच्या बागांनी अनेक घरांना स्थैर्य दिले, हे नाकारता येणार नाही. परंतु बागेभोवती चिऱ्याचा गडगा आला की गुरांची वाट बंद होते, आणि नांगराची जागा यंत्राने घेतल्यावर गुरेही कमी होतात. ज्या दृश्याचे चित्र काढावयाचे राहून गेले, ते दृश्यच आक्रसत चालले आहे.

दुसऱ्या बाजूस याच सड्यांवर सापडलेल्या कातळशिल्पांनी त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू अशा अनेक ठिकाणी जांभ्याच्या पृष्ठभागावर हत्ती, वाघ, हरणे, मासे आणि मानवाकृती कोरलेल्या आढळतात. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांबीचा असून त्याच्या अंगात इतर अनेक प्राण्यांच्या आकृती सामावल्या आहेत. शेतीच्या खुणा या आकृतींत दिसत नाहीत, म्हणून शिकारीवर जगणाऱ्या समाजाचे हे काम असावे असे अभ्यासक मानतात. २०२२ साली या स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झाले, तेव्हा आसपासच्या गावांतील स्त्रीपुरुष विरोध करण्यासाठी त्याच कातळावर येऊन बसले. वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालेल्या त्या छायाचित्रांत वैशाखातला उघडा सडा अनेक वाचकांनी प्रथमच एवढा विस्तीर्ण पाहिला असावा.

चित्रकलेच्या शिक्षणाची सोय आता मुंबईपुरती राहिलेली नाही. चिपळूण तालुक्यातील सावर्डे येथे आणि देवरुखला चित्रकलेची महाविद्यालये आहेत, आणि तेथील विद्यार्थी पावसाचे चारही महिने या भूमीवरच असतात. सड्यावर बसण्यास त्यांना सुटी लागत नाही. लागतो तो आडोसा. सड्याच्या कडेस असलेला एखादा मांगर त्यासाठी पुरेसा होतो. दाराच्या चौकटीतून समोरचा कातळ दिसतो आणि मागे बांधलेल्या वासराचा श्वास ऐकू येतो. आषाढात दिलेला ओला थर वाळावयास बराच वेळ घेतो, म्हणून कागद लहान घ्यावा आणि दोन-तीन कागदांवर आलटून पालटून काम करावे. आकाश आधी रंगवावे; ते ओले असतानाच क्षितिजाची रेघ घातली तर दूरवरच्या सरीने ती विरघळल्यासारखी दिसते आणि ते खरेच असते. कागदाच्या खळीला बुरशी लवकर धरते, तेव्हा उरलेले कागद चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेले बरे. गुरे मात्र शेवटी घालावीत, थर पुरता सुकल्यावर, आणि एका बैठकीत. कारण सरीचा जोर वाढला की ती वाऱ्याकडे पाठ करून एकाच दिशेने उभी राहतात, आणि सर ओसरताच पांगतात.